आठ पांढऱ्या कोंबड्या

आण्णा घरात बसू लागले आणि आमच्या घरातले आवाज बदलले. त्याआधी दिवसभर घर आईचं असायचं. काटक्या मोडल्याचा आवाज, भाकरी थापल्याचा आवाज, मागच्या दारी भांडी आपटल्याचा, आणि मधेच कुडावरून शेजारच्या शांताक्काला मारलेली हाक. आण्णा म्हणजे सकाळी सायकलची घंटी आणि सांजेला पुन्हा सायकलची घंटी, बास. ते एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. वितळलेल्या लोखंडाला तिथली माणसं रस म्हणतात. एक दिवस साच्यात रस ओतताना थेंब उडाला आणि त्यांचा डावा डोळा गेला. उजव्यानंही हळूहळू धुरातनं बघितल्यासारखं दिसायला लागलं. दवाखान्यातनं आले ते भिंतीला पाठ लावून बसले. महिना गेला, दोन गेले. आई भांडी हळू ठेवायला लागली. शांताक्काला काही सांगायचं झालं तर कुडापर्यंत चालत जायची. ताटात खर्डा वाढला का झुणका, आण्णा विचारत नव्हते. जे हाताला लागेल ते भाकरीबरोबर खायचे आणि पुन्हा भिंतीला टेकायचे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज एक अंडं द्या, अंगात ताकद राहू दे. आई त्यावर दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कोंबड्या पाळूया की. अंडी बी घरची हुतील, अन् ह्यांच्या हाताला कायतरी लागंल. मी एकटी कुठवर बघतो?" आमच्याकडच्या बायका 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात. मीही तसंच बोलायचे, पुढं नोकरीत लोक हसले तेव्हा बदललं.

आम्ही उचगावात राहायचो, बौद्ध वस्तीच्या अगदी शेवटच्या घरात. परसाला तुराट्यांचा कूड होता आणि कुडापलीकडं शांताक्काचं परडं. ती शेतकऱ्याघरची विधवा, माहेर निपाणीच्या बाजूचं. तिच्याकडं वीसेक गावरान कोंबड्या होत्या, सगळ्या मानेवर पीस नसलेल्या. लाल उघडी मान, खाली तपकिरी पिसं. नव्यानं बघणाऱ्याला वाटावं आजारीच आहेत. पण ती जात तशीच असते. लग्न होऊन येताना शांताक्काच्या आईनं एक तलंग, म्हणजे अंड्यावर यायच्या वयाची कोंबडी, डालग्यात घालून तिच्याबरोबर दिली होती, तिचीच ही सगळी पिल्लावळ. सकाळी ती कानडीत "बा, बा, बा" करून हाक मारायची आणि त्या लांब माना पुढं काढून पळत यायच्या. आईनं कोंबड्यांचं काढल्याबरोबर ती म्हणाली, "मग इचार कसला करतायसा? माझी एक खुडूक बसल्या. तिच्याखाली पंधरा अंडी ठेवतो. एकवीस दिसांत पिल्लं. माझ्या जातीच्या कोंबडीला काय लागत न्हाई बघ. सांडल्यालं खाती, घारीला बघून पळती, आपली आपण जगती."

आई तयारच होती. नको म्हणाले ती मी. मी तेव्हा अकरावीला होते, कोल्हापुरात कॉलेजला जायचे, आणि घरात शिकलेली मीच. जनावरांच्या दवाखान्यातनं मी एक माहितीपत्रक आणलं होतं. त्यात कोंबड्यांच्या जाती आणि त्यांचे रोग चित्रांसकट दिले होते. गावरान वर्षाला साठ-सत्तर अंडी, आणि पांढरी लेगहॉर्न जवळजवळ रोज एक. मी म्हणाले, "अक्काची पिल्लं अंड्यावर यायला सहा-सात महिने जातील. आण्णांना आत्ता पाहिजेत." आईनं आण्णांकडं बघितलं. आण्णा भिंतीला टेकूनच म्हणाले, "तिला बघू दे. रत्ना शिकल्याली हाय. माझं डोळं आता तीच."

इतक्या दिवसांत ते एवढं बोलले नव्हते. त्या वाक्यानं मी फुलून गेले, हे आज लिहितानाही मला नीट आठवतं.

शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागं बापू नावाचे एक म्हातारे अशील कोंबडे पाळायचे. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीचे. कान सुजलेले, मान बैलासारखी, बोलणं मात्र मऊ. मी त्यांना विचारायला गेले तर त्यांनी आधी मलाच विचारलं. परडं केवढं हाय? कूड कशाचा? दिवसा घरात कोण असतंय? अंडी पायजेत का मटण? मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, अशील मागू नकोस. ती भांडती, अंडी कमी देती. गिरिराज अंगानं मोठी हुती, खाती बी मोठी, अन् कुत्रं आलं की तिला पळता येत न्हाई. लेगहॉर्न म्हंजे पोल्ट्रीतली राणी. तिला वेळेवर खाद्य, वेळेवर लस. उघड्यावर पांढरं पाखरू घारीला कोसावरनं दिसतंय. अन् ती अंड्यावर बसत न्हाई, म्हंजे पुढची पिल्लं न्हाईत. पहिल्यांदाच पाळताय न्हवं? गावरान घ्या. चुकलं तरी ती सांभाळून घेती."

"पण अंडी?"

"अंडी कमी. पण कोंबडी ऱ्हाती." मी उठताना त्यांनी पुन्हा हाक मारली. "काय बी घे, पर नवी कोंबडी तीन आठवडं निराळी ठेव. आन् घ्यायच्या आधी जागा बघ. कोंबडी बघू नकोस, जागा बघ."

आणि मी जागा बघितली. हेच तर आहे. न बघता आणल्या असत्या तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

कागलच्या वाटेवर एक पोल्ट्री होती. तिथं अंड्यावर आलेल्या लेगहॉर्न निम्म्या भावात देतायत, असं कॉलेजात एकीनं सांगितलं. रविवारी दुपारी मी डालगं घेऊन वडापच्या जीपनं एकटीच गेले. उसाच्या मधनं कच्चा रस्ता, त्याच्या टोकाला शेड. पोल्ट्रीजवळ गेलं की आधी कालवा ऐकू येतो, शेकडो कोंबड्यांचा एकसारखा. तिथं तो नव्हता. फाटकापाशी ताजा चुना पसरला होता, इतका की माझ्या चपला पांढऱ्या झाल्या. आत शेडचा मोठा भाग रिकामा. उरलेल्या कोंबड्या एका कोपऱ्यात गप्प उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढची खाद्याची भांडी काठोकाठ भरलेली होती. शेडच्या मागं नुकती उकरून बुजवलेली माती होती, आठ-दहा हात लांब. तिच्यावर कावळे बसले होते. ते ओरडत नव्हते, नुसते मातीवर चालत होते.

तिथला माणूस तोंडावर रुमाल धरून बोलत होता. मी विचारलं, "बाकीच्या कुठं गेल्या?"

"विकल्या."

"लस दिल्या का?"

"सगळ्या झाल्यात. पावणं, घ्यायच्या असतील तर घ्या लवकर. टेम्पो येतोय."

मला कळलं होतं. सगळं नाही, पण काहीतरी वाईट इथं होऊन गेलंय आणि ते अजून संपलेलं नाही, एवढं कळलं होतं. पत्रकात चित्रं होती, बापूंचे शब्द कानात होते. पण रिकामं डालगं घेऊन परत गेले असते तर अक्काचंच खरं ठरलं असतं, आणि आण्णांना काय सांगणार होते? मी त्यातल्या त्यात ताठ उभ्या असलेल्या आठ निवडल्या. रस्त्यावर आल्यावर जीपमध्ये चढण्याआधी चपला गवतावर घासून पुसल्या. हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं.

घरी आण्णांनी एकेक कोंबडी मांडीवर घेतली. पाठीवरनं, पंखांखालनं, पायांवरनं त्यांची बोटं फिरली. साच्याची वाळू सारखी करणारी ती बोटं होती, त्यांना डोळ्यांची फार गरज नव्हतीच. "भरल्याली हाय गं," ते म्हणाले. मग म्हणाले, "शेड कसलं हुतं? स्वच्छ हुतं?"

"चुनाबिना टाकल्याला सगळीकडं," मी म्हणाले. "स्वच्छ हुतं."

"मग बरं."

खरं बोलून खोटं सांगता येतं, हे मी त्या दिवशी शिकले.

निराळं ठेवायला आमच्याकडं जागा नव्हती. खरं तर करता आली असती, पण तीन आठवडे निराळ्या ठेवायच्या म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं. कोंबड्या परसात सुटल्या. आण्णा भिंत सोडून मागच्या दारात बसायला लागले. मुठीनं मका टाकायचे आणि चोचींच्या आवाजावरनं कुठली कुठं आहे ते सांगायचे. मक्याच्या वासानं अक्काच्या उघड्या मानेच्या कोंबड्याही कुडाखालनं घुसायच्या आणि आण्णा हसून म्हणायचे, "आल्या बघा पावण्या." तिसऱ्या दिवशी पहिलं अंडं मिळालं. पाचव्या दिवसापर्यंत नऊ झाली. आईनं सुकं खोबरं भाजून, कांदा-लसणाची चटणी घालून अंड्याचं कालवण केलं आणि एका वाटीतनं अक्काकडं पाठवलं. अक्का कुडावरनं ओरडली, "जिंकलीस गं पोरी! झक्कास झालंय!" मी हसले. पण त्या पाच दिवसांत मी सकाळी सगळ्यात आधी उठायचे आणि कुणी बघण्याआधी कोंबड्यांची विष्ठा बघून यायचे.

सहाव्या सकाळी एक कोंबडी कुडापाशी गोल गोल फिरत होती. मान पिळून चोच आभाळाकडं गेली होती. दोन पावलं टाकायची, कलंडायची, उठायची, पुन्हा तसंच. पत्रकातलं चित्र हुबेहूब. त्याखाली लिहिलं होतं मानमोडी. मी तिच्यावर घमेलं पालथं घातलं आणि वर बसले. आतनं पंखांचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत मी बसून राहिले. मग शेणीच्या ढिगामागं उकरून तिला पुरलं.

"मुंगसानं नेली," मी घरात सांगितलं.

"मुंगूस?" आण्णा म्हणाले, आणि त्यांनी तो अख्खा दिवस कुडाची भोकं बुजवण्यात घालवला. बाभळीच्या काट्या चाचपडत बसवत होते. बोटं रक्तानं भरली. आई म्हणाली, ऱ्हाऊ द्या. ते म्हणाले, "पोरीनं एवढ्या बघून आणल्यात."

सांजेला आमच्याकडं दिवा लावून वंदना व्हायची. आण्णा पुढं म्हणायचे, आम्ही मागनं. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. मी नुसते ओठ हलवले. आण्णा क्षणभर थांबले. दिसत नसलं तरी कुणाचा आवाज गळाला हे त्यांना कळायचं. पण त्यांनी पाचवं शील सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गेली. या खेपेला मी पुरण्याआधी तिची पिसं उपटली आणि कुडापाशी विखुरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुडापलीकडनं अक्काची हाक आली, पण ती कोंबड्यांना नव्हती. "अगं बया, हिला काय झालंय? मान बघा हिची!" दुपारपर्यंत तिच्या चार पडल्या. दुसऱ्या दिवशी पंधरा. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस आला, बघून म्हणाला, मानमोडी हाय, आता लस देऊन उपयोग न्हाई, मेलेल्या खोल पुरा. आमच्याही उरलेल्या सहा त्याच दिवशी एकामागनं एक कलंडल्या. पांढऱ्या आणि तपकिरी, कुडाच्या दोन्ही अंगांना. गल्लीत बातमी पसरली आणि माणसं जमली. ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या ते, आणि नव्हत्या ते पण.

वरच्या आळीतला एक जण कुडाशी उभा राहून म्हणाला, "वीस वर्सांत ह्या अक्काच्या कोंबडीला शिंक न्हाई आली. ह्यांच्यातनं आलंय हे." 'ह्यांच्यातनं' म्हणताना त्यानं हनुवटीनं आमचं घर दाखवलं आणि मग अख्खी वस्ती.

आण्णा उठले. दाराची चौकट धरून उभे राहिले. "माझ्या पोरीनं जागा बघून आणल्यात. आमच्या पहिल्या दोन मुंगसानं नेल्या, रोगानं न्हवं. तिनं सांगितलंय मला. माझी पोरगी खोटं बोलायची न्हाई."

तो माणूस हसला. तेव्हा अक्का, जिच्या ओच्यात मेलेली कोंबडी होती, त्याच्यावर धावली. "गप बस की! ह्यो माणूस कधी खोटं बोलल्याला न्हाई. त्याची पोरगी बोलंल व्हय? चल, हो बाजूला." माणसं पांगली. मी दाराआड उभी होते.

तिसऱ्या प्रहरी आण्णांनी खड्डा खणायला घेतला. आई म्हणाली मी खणतो, त्यांनी ऐकलं नाही. खड्डा कुठं खणायचा, तर घरापासनं लांब, शेणीच्या ढिगामागं. मी ओरडून थांबवायला हवं होतं, पण काय सांगून? कुदळीचा तिसरा घाव मऊ लागला. आण्णा खाली बसले, हातानं माती सारली आणि ती पहिली कोंबडी वर काढली. मांडीवर घेऊन पहिल्या दिवशी फिरवली होती तशीच बोटं फिरवली, पाठीवरनं, पंखांखालनं. गळ्यापाशी बोटं थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"मुंगूस नरडं फोडतंय," ते म्हणाले. "हिचं नरडं शाबूत हाय."

मी खड्ड्याच्या कडेला बसले.

"शेडात काय बघितल्यालीस?"

मी सांगितलं. चुना, भरलेली भांडी, उकरलेली माती, कावळे, गवतावर पुसलेल्या चपला, घमेलं, उपटलेली पिसं. त्यांनी एकदाही मधे टोकलं नाही. ते ओरडले असते, त्यांनी मारलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "हात धू आन् चल."

"अक्काकडं?"

"कुडापाशी. मी जिथं बोललो तिथंच तू बोलायचं. ज्यांनी माझं ऐकलं त्यांनी तुझं ऐकायला पायजे." आणि त्यांनी स्वतः गल्लीत जाऊन काठीनं दारं वाजवली. त्या वरच्या आळीतल्या माणसालाही बोलावून आणलं. आई म्हणत होती, "आवो, पोरगी हाय ती. ह्या लोकांम्होरं नको. उद्या सगळ्या वस्तीला बोल ऐकून घ्यायला लागतील." ते म्हणाले, "खोटं बोललो तवा वस्तीच्याच नावानं बोललो की मी."

मी सगळ्यांसमोर बोलले. तो माणूस काहीतरी म्हणाला, लोकांत कुजबूज झाली, मला त्यातलं काही आठवत नाही. मी फक्त अक्काकडं बघत होते. ती खाली बसलेली होती. तिच्या एकवीसपैकी दोन जिवंत होत्या, त्याही डोळे मिटून. ती म्हणाली, "पहिली मेली तवा सांगितलं असतंस तर मी माझ्या कोंडल्या असत्या." एवढंच. मग उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. दोन्ही कोंबड्या दुसऱ्या दिवशी गेल्या.

आता मी निवृत्त झाले आहे. पशुसंवर्धन खात्यात लस टोचण्यात माझी उभी नोकरी गेली. पहिली मेली त्या सकाळी सांगितलं असतं तरी अक्काच्या कोंबड्या वाचल्या असत्या असं नाही. रोग तोवर कुडापलीकडं गेलेला असणार, चोचीतनं, पायातनं, माझ्याच चपलांतनं. पण दोन-चार राहिल्या असत्या. ती जात राहिली असती. उघड्या मानेच्या कोंबड्या मी पुढं पुष्कळ बघितल्या, तिच्या माहेरच्या बाजूलाही शोधल्या. तसल्या तपकिरी, तसल्या लांब मानेच्या मला दिसल्या नाहीत.

आण्णांनी परसात चुना टाकला आणि पाच महिने काही पाळू दिलं नाही. मग आईनं बापूंकडनं चार गावरान तलंगा आणल्या, लस टोचून, तीन आठवडे न्हाणीत ठेवून. या खेपेला मला कुणी विचारलं नाही. आण्णा माझ्याशी बोलायचे, पूर्वीसारखंच, पण कुठून काही आणलं की हात लावून बघितल्याशिवाय घरात घेत नव्हते. अक्का आईशी बोलायची, वाटीतनं कालवणं इकडनं तिकडं जायची. माझ्याशी ती बोलली नाही. माझ्या लग्नात आली, अक्षता टाकल्या, जेवली, आणि माझ्याकडं न बघता गेली. कोंबड्या तिनं पुन्हा पाळल्या नाहीत.

बारा-तेरा वर्षांनी मी लसीकरणाला उचगावात आले होते. अक्काचा मुलगा इचलकरंजीहून बायको घेऊन परतला होता आणि त्या सुनेला कोंबड्या पाळायच्या होत्या. मी लशीची पेटी घेऊन गल्लीतनं चालले होते. ती ओसरीवर सासूला विचारत होती, कुठल्या आणू, पांढऱ्या का रंगीत? अक्काला आता कमी दिसायचं. माझ्या चपलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली आणि इतक्या वर्षांनी माझं नाव घेतलं. "रत्ना हाय न्हवं? हिलाच इचार," ती सुनेला म्हणाली. "ही सांगंल ते ऐक. आता ही खोटं बोलायची न्हाई."

सून हसली, तिला काही ठाऊक नव्हतं. मी पेटी ओसरीच्या पायरीवर ठेवली आणि बसले. पहिल्यांदा विचारलं, परडं केवढं आहे. अक्का आत निघून गेली. थोड्या वेळानं तिनं सुनेच्या हातून माझ्यासाठी चहा पाठवला. स्वतः बाहेर आली नाही.